जागल

रात्री तीनच्या सुमाराला नळ आधी श्वास टाकतो. फुस्स करून हवा येते, मग गुरगुर, दोन-चार थेंब, आणि मग पाणी. आमच्या सिडकोतल्या गल्लीत पाणी काही दिवसांआड येतं, आणि पुष्कळदा रात्रीच. पैठणच्या नाथसागरातून निघून पन्नासेक किलोमीटर आलेलं हे पाणी. त्याची पहिली चाहूल घरात मला लागते. मी जागीच असते.

वय ७१. झोप नऊला येते, तीनला जाते.

गाढ झोप वयाबरोबर कमी होते आणि मेंदूतलं घड्याळ पुढे सरकतं, म्हणून म्हातारी माणसं लवकर पेंगतात आणि लवकर जागी होतात. झोपेची गरज फारशी घटत नाही, सलग झोपण्याची ताकद घटते. डॉक्टरांनी हे समजावलं तेव्हा मला हायसं वाटलं. झोप गेलेली नाही, तिचे तुकडे झालेत. भाकरी मोडून खाल्ली तरी पोट भरतंच. दुपारचा तुकडा कूलरच्या घरघरीत, खाली सतरंजीवर. चरकाने दिवसाची झोप एरवी वर्ज्य सांगितली, पण म्हाताऱ्यांना, लेकरांना आणि उन्हाळ्यात सगळ्यांनाच तिची मुभा दिली. मराठवाड्याचा मे महिना सोसलेल्या कुणालाही ते पटेल.

माझी आजी पहाटे चारला जात्यावर बसायची. तिला निद्रानाश आहे असं कुणी म्हटलं नाही. हाताला काम होतं तोवर ते लवकर उठणं होतं. काम गेलं आणि त्याच जागेला दुखण्याचं नाव मिळालं.

वडील जागलीला जायचे. ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरं एका रात्रीत वावर आडवं करतात. जेवण झालं की ते घोंगडी खांद्यावर टाकायचे, कंदील आणि काठी घ्यायचे आणि निघायचे. माच्यावर बसून मधूनच एक लांब हाळी द्यायचे. थोड्या वेळाने शेजारच्या वावरातून तशीच हाळी यायची. ‘मी जागा आहे’ एवढाच तिचा अर्थ. घरी आम्ही भावंडं एका वाकळेखाली मेल्यासारखी झोपायचो. ती झोप मला आपली स्वतःची वाटायची. कुणीतरी थंडीत बसून ती राखतंय, हे कळायला मला वडिलांच्या त्या वेळच्या वयाच्याही पुढे यावं लागलं.

टांझानियात हाद्झा नावाचे लोक आहेत, अजून शिकारीवर आणि कंदमुळांवर जगणारे. त्यांच्यातल्या ३३ मोठ्या माणसांच्या मनगटावर यंत्रं बांधून संशोधकांनी २० दिवस त्यांची झोप मोजली. २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. २२० हून अधिक तासांत सगळेच्या सगळे एकाच वेळी झोपलेले असे क्षण जमवले, तर ते भरले जेमतेम १८ मिनिटं. पहारा कुणी नेमलेला नव्हता. तरुण उशिरा झोपत, वयस्कर लवकर उठत, आणि मधली रात्र आपोआप राखली जाई. म्हाताऱ्यांची मोडकी झोप माणसाच्या टोळ्यांना तारत आली असावी, असा त्या संशोधकांचा तर्क आहे.

तो १८ चा आकडा मी हिशेबाच्या वहीत लिहून ठेवलाय.

कोजागिरीला लक्ष्मी विचारते, कोण जागं आहे? आटीव दुधाच्या आशेने त्या रात्री सगळी गच्ची ओ देते. इतर रात्री ती आली तर ओ द्यायला आम्हीच आहोत.

म्हणून प्रत्येक जाग चांगलीच, असं मी म्हणणार नाही. दिवसभर डोळे मिटत असतील, जीव घाबरून जाग येत असेल, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. झोपेची गोळी मात्र शेजारणीच्या डबीतली घेऊ नये. आमच्या वयात तिने तोल जातो, आणि खुब्याचं हाड एकदा मोडलं की घरातलं सगळंच बदलतं. न्हाणीघराच्या वाटेवर मी एक बारका दिवा रात्रभर लावून ठेवते.

हेही बहुतेक त्याच वेळी जागे होतात. एकमेकांची झोप मोडू नये म्हणून आम्ही दोघंही निपचित पडून राहतो. कधी अर्धा तास. मग हे विचारतात, ‘जागी आहेस का?’ इतक्या हळू, की झोपलेल्याला ते ऐकू जाणारच नाही. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात याहून मायेचं काही ते बोलले असतील, पण मला हेच आठवतं. मी ‘हं’ म्हणते. शेतातून यायची तशीच हाळी ती.

हे घोरतात तेव्हा मी खुशाल असते. घोरणं थांबलं की कान टवकारते. असं थांबणं लांबायला लागलं तेव्हा मीच यांना तपासायला नेलं.

अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यात बुद्धांचं महापरिनिर्वाण आहे. कुशीवर पहुडलेली ती प्रचंड मूर्ती. चेहऱ्यावर साधी, शांत झोप. खाली शिष्यांची रांग आहे. त्यांच्या झुकलेल्या माना पाहिल्या की कळतं, ही झोप नव्हे. निजलेल्याचा चेहरा काही सांगत नाही, भोवतीच्या जाग्या माणसांकडून कळतं. त्या लेण्यात मी यांचा हात धरला होता, एवढं लिहून पुढे जाते.

दुसरं आडवं दैवत आमच्या जवळचं, खुलताबादचा भद्रा मारुती. लंकेपर्यंत उडी मारणारा इथे पहुडलेला आहे. श्रावणात शुक्रवारी रात्री अख्खं शहर चालत निघतं. पडेगाव, मिटमिटा, शरणापूर, दौलताबाद, आणि मग घाटाचा चढ. पंचविसेक किलोमीटर. निजलेल्या देवाला भेटायला हजारो माणसं झोप सोडून जातात, आणि शनिवारी पहाटे त्याच्यापुढे उभी राहतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांत किती झोप असते! बावीस श्रावण मी चालले. आता सून जाते. परत आली की दुपारभर झोपते. मी फोनची रिंग बारीक करून ठेवते, नातवाला मागच्या खोलीत घेते, दाराशी आलेल्या भाजीवाल्याला हातानेच पुढे जा म्हणते.

आजही तीनला नळ बोलला. मी उठले, हे मागोमाग आले. यांनी पाइप नळाला लावला, मी दुसरं टोक अंगणातल्या टाकीत सोडलं. रिकाम्या टाकीत पाणी पडायला लागलं की ढोलासारखं वाजतं, आणि सुनेची खिडकी तिथेच आहे. मी पाइप हाताने खाली, तळापर्यंत नेला आणि तोंड बुडेपर्यंत तसाच धरून ठेवला. आवाज हळूहळू बुडत गेला. खिडकीत पंखा फिरत होता.