आजचं चिंतन : चुकलेली मात्रा (गीता 6.35)

मन आवरतं अभ्यासाने आणि वैराग्याने, असं आजचा श्लोक सांगतो.

दृष्टी गेल्यावर, चौतिसाव्या वर्षी मी शेगावात पखवाज शिकायला लागलो. उजवीकडची शाई, डावीकडची ओली कणीक बोटांना कळते. बोल तोंडाने म्हणून पाठ होतात. अडचण डोळ्यांची नव्हतीच. भजनात आठ मात्रांचा ठेका चुकला तरी लोक म्हणायचे, "दिसत नाही, तरी किती छान!" आणि मला ते आवडायचं.

लहानपणीच दृष्टी गेलेल्या गुलाबराव महाराजांना (1881–1915) आपण प्रज्ञाचक्षू म्हणतो, ते दयेपोटी नव्हे. शेवटी बुवांना म्हटलं, "इतरांसारखी माझीही चूक दाखवा." त्यांनी तोच ठेका पन्नासदा वाजवून घेतला.

तो अभ्यास. फुकटचं कौतुक सोडणं, ते वैराग्य. आज तुम्ही कोणती सवलत सोडाल?