हाताशी असावी म्हणून

२०२४ सालच्या ऑक्टोबरात विधानसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि आमच्या घरची बंदूक पोलीस ठाण्यात जाऊन बसली. निवडणुकीच्या काळात परवान्याच्या बंदुका जमा करण्याचे हुकूम निघतात. दादाला नोटीस आली. त्याने बंदूक जुन्या धोतरात गुंडाळली, ठाण्यात नेऊन दिली आणि पावती आणली. चौथ्या रात्री रानडुकरे मक्यात शिरली.

सकाळी त्याचा फोन आला. "मास्तर, मत मागायला सगळे येत्यात, मका राखायला कुणी येत नाही. तिथं दुकानात छऱ्याची बंदूक मिळती म्हणत्यात. परवाना लागत नाही, सस्ती असती. दिवाळीला येतोस तर एक घेऊन ये. चालवायचीच असं काही नाही. हाताशी असावी."

आमचे शेत कन्नडच्या पुढे, गौताळ्याच्या जंगलाला लागून. मी संभाजीनगरला, पूर्वीच्या औरंगाबादला, शाळेत शिकवितो आणि रिकाम्या वेळी कादंबऱ्या लिहितो. शेताचे उत्पन्न मी खातो. राखण दादा करतो. त्यामुळे त्याने काही मागितले की नाही म्हणण्याचा अधिकार मला फार थोडा आहे. मी दुकानात गेलो. पाच-सहा हजारांत बंदूक मिळत होती. लाकडी दस्ता, काळी नळी, हातात घेतली तर बरी वाटली. दुकानदाराने मला एकच प्रश्न विचारला, पैसे रोख देणार की फोनवरून. मी उद्या येतो म्हणून बाहेर पडलो, आणि त्या उद्याचा विचार करण्यात माझे चार दिवस गेले.

आमची जुनी बंदूक ठासणीची. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे तेरावे कलम मी मुद्दाम वाचले. संरक्षणासाठी किंवा शिकारीसाठी वीस इंचांहून आखूड नसलेल्या नळीची साधी बंदूक, खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक, नेमबाजीच्या मंडळात सराव करण्यासाठी पॉइंट टू टू रायफल. अशी त्या कलमात हत्यारे कामाप्रमाणे वाटलेली आहेत. कायद्याची भाषा रुक्ष असते. पण या कलमामागे एक शहाणा प्रश्न उभा आहे: कशासाठी? आबांच्या माघारी बंदूक दादाच्या नावावर होताना त्यालाही हा प्रश्न टेबलाटेबलावर विचारला गेला. तो वैतागला, दहा खेपा घालून आला. परंतु दर खेपेला त्याला उत्तर द्यावे लागले.

बरे, परवाना मिळाला तरी डुकराला मारता येते असे नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे त्यासाठी वनखात्याची निराळी परवानगी हवी. म्हणजे आमची बंदूक गेली कित्येक वर्षे आकाशाकडे तोंड करूनच बोलत आली आहे. तिचे काम मोठा आवाज करण्याचे. आता हवेची बंदूक पाहा. २०१६ च्या नियमांप्रमाणे ०.१७७ इंच व्यासाची आणि वीस जूलपर्यंतच्या जोराची असली, तर तिला परवाना नको. पण तिला आवाजही नाही. तिने डुकर मरत नाही आणि भीतही नाही. फार तर जखमी होऊन चवताळते. माकडाचा डोळा मात्र तिने फुटू शकतो, आणि माणसाच्या पोराचाही. पहिलीच्या जागी उभी करावी म्हणून जी आणायची, तिला पहिलीचे एकही काम येत नव्हते. तरीसुद्धा ती घ्यावीशी वाटत होती, आणि मला अडचणीत टाकणारी गोष्ट हीच होती. दादाला वाटत होती म्हणून नव्हे. दुकानात दस्ता हाताला लागला तेव्हा मलाही वाटली होती.

'हाताशी असावी' या दोन शब्दांत काय आहे? काम असलेली वस्तू आपण कामासाठी घेतो. कुऱ्हाड लाकडासाठी, दोर विहिरीसाठी. जादा वस्तूला काम नसते, तिला 'जर' असतो. पहिली बंदूक नसली तर, पहिली उडाली नाही तर. आणि 'जर' ही अशी जात आहे की तिला पोरे फार होतात. दुसरी आणली की दुसरीला काही झाले तर, हा प्रश्न उंबऱ्यावर उभाच. सरकारलाही कुठेतरी रेघ ओढावी लागली. पूर्वी एका माणसाला तीन हत्यारे ठेवता येत. २०१९ च्या दुरुस्तीने ती दोन झाली. ही रेघ कायद्याने ओढली. भयाला स्वतःहून रेघ ओढता येत नाही.

दरवर्षी मी मुलांची सहल दौलताबादला नेतो. तटामागे तट, मग खंदक, मग अंधारी, वर मेंढा तोप. आज दिसतो तो सगळा बंदोबस्त एका काळचा नव्हे. राजामागून राजा येत गेला आणि प्रत्येकाने आधीच्याच्या भयात आपली भर घातली. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीचा वेढा पडला, तेव्हा किल्ल्यात आणलेल्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, अशी गोष्ट सांगतात. मुले ती ऐकून हसतात. मला दरवर्षी थोडे कमी हसू येते. गडी हरला तो डोंगर कमी पडला म्हणून नव्हे. गोणी उघडून पाहायची कुणाला सुचले नाही म्हणून.

पण माझ्या मनाला खरी अडवणारी गोष्ट दौलताबादची नाही, आमच्याच बांधावरची आहे. तेव्हा मी नऊ-दहा वर्षांचा असेन. आबांबरोबर मी माळ्यावर जागलीला गेलो होतो. काळोखी रात्र. मध्यरात्रीनंतर ज्वारीत खसफस झाली. दोन दिवसांपूर्वी डुकराने एका गड्याची मांडी फाडली होती, त्यामुळे आबा त्या रात्री आकाशाकडे नेम धरणारे नव्हते. त्यांनी खसफशीवर बंदूक रोखली आणि चाप ओढला. टोपी वाजली, बार उडाला नाही. पावसाने दारू सादळली होती. आबांनी दातओठ खाऊन एक शिवी हासडली. तोच ज्वारीतून आवाज आला, "कोण हाय? माझी कालवड दिसली का?" शेजारच्या वस्तीवरचे म्हातारे बाबा होते. दावे तोडून गेलेली कालवड शोधत फिरत होते.

आबा माळ्यावरून उतरले, त्यांच्याबरोबर अर्धा कोस फिरले, कालवड शोधून दिली. परत आल्यावर त्यांनी मला जवळ घेतले आणि सकाळपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. म्हाताऱ्याला ते कधीच कळले नाही. तो पुढे कितीतरी वर्षे आमच्याकडे दिवाळीच्या फराळाला येत असे, आणि तो अनारसा मोडू लागला की आबा उठून बाहेर जात.

त्या रात्री माळ्यावर दुसरी बंदूक असती तर? कोरड्या दारूची, हाताशी ठेवलेली, पहिली चुकली तर असावी म्हणून आणलेली? हा प्रश्न मी आजवर कुणालाही विचारलेला नाही. कारण त्याचे उत्तर मला माहीत आहे.

इथे वाचक मला अडवील आणि त्याने अडवावे. बंदूक उडाली नाही हे पुण्य कसले? तो योगायोग. सादळलेल्या दारूवर नीती उभी करता येत नाही. हे मला मान्य आहे. आबांनीही तसे केले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी नळी साफ केली, दारू उन्हात वाळविली. बंदूक पुन्हा नीट उडू लागली. बदल एवढाच झाला की त्यानंतर बंदूक उचलण्याआधी ते तीनदा हाळी देत. बंदुकीने चुकून जी उसंत दिली होती, ती त्यांनी आपल्या हाताने निर्माण केली.

दुसरी हरकत याहून अवघड आहे. याच मुलखात, रझाकारांच्या दिवसांत, हाताशी काही नसलेल्या गावांचे काय झाले ते आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांनी पाहिले होते. स्वामी रामानंद तीर्थांसारखा गांधींच्या वाटेने जाणारा पुरुष ज्या लढ्याच्या शिरोभागी होता, त्या लढ्यातल्या तरुणांनाही हद्दीवर केंद्रे उभारून शस्त्रे धरावी लागली. आणि सप्टेंबर १९४८ मध्ये शेवटी फौजच यावी लागली. तेव्हा शस्त्र नकोच, असे म्हणण्याची माझी छाती नाही. पण त्या तरुणांना 'कशासाठी?' असे कुणी विचारले असते, तर त्यांच्यापाशी उत्तर होते. त्यांच्यासमोर 'जर' नव्हता, दाराशी आलेला माणूस होता. माझ्यापाशी उत्तर नव्हते. परवान्याच्या बंदुकीबद्दल सरकार तरी विचारते. बिनपरवान्याच्या बंदुकीबद्दल विचारणारा कुणी नाही. तो प्रश्न मग घेणाऱ्यानेच स्वतःला घालायचा, आणि तो खोटे उत्तर द्यायला मोकळा असतो.

मी बंदूक घेतली नाही. पण एवढ्यावर थांबलो असतो तर ती नीती फार स्वस्त झाली असती. तत्त्व माझे आणि मका दादाचा, हा व्यवहार बरा नव्हे. ते पाच-सहा हजार काढले, त्यात आणखी भर घातली, सौरऊर्जेवरचे झटका मशीन आणि तारेची वेटोळी घेतली आणि दिवाळीच्या सुटीत गावी गेलो. दादाने सामान पाहिले, तार हातात घेऊन वाकवली आणि म्हणाला, "तार तुटली तर?"

मी म्हटले, "तर मी हाये की सुटी संपेस्तोवर."

"अन् सुटी संपल्यावर?"

याला मी काही बोललो नाही. दहा रात्री माळ्यावर काढल्या, पत्र्याचा डबा बडविला. तारेच्या एका कोपऱ्यातून डुकरे तरीही आली आणि मक्याच्या चार-पाच ओळी गेल्या. त्या ओळींची किंमत मी चुकती केली असे म्हणणार नाही, दादा घेईना. निकाल लागल्यावर बंदूक ठाण्यातून परत आली. त्याने तिला तेल दिले, खुंटीला टांगली आणि छऱ्याच्या बंदुकीचा विषय पुन्हा काढला नाही. माझे बरोबर होते असे त्याला वाटले की केवळ हंगाम संपला होता, हे मी विचारले नाही.

त्यांतल्या एका रात्री शेजारच्या रानात खसफस झाली. माझा हात सवयीने शेजारी चाचपू लागला. डबा सापडेना. मग मी आबांसारखी हाळी दिली, "कोण हाय?"

"म्या हाये, मास्तरकाका," असे उत्तर आले, आणि मोबाइलचा उजेड वर झाला. त्या म्हाताऱ्याचा नातू होता. त्याच्या मक्यातही डुकरे शिरली होती, आणि तोही रिकाम्या हाताने जागा होता.