गेलेल्याच्या मुखी शब्द कोणाचे?



डोळ्यांवर यंत्र चढवले की समोरची भिंत नाहीशी होते आणि तेथे डोंगर दिसू लागतो. मान वळवावी तसे दृश्यही वळते. यालाच आभासी वास्तव म्हणतात. १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी असे यंत्र केले, तेव्हा ते इतके जड होते की छताला टांगावे लागे. आज ते मुलांच्या खेळण्यांत जमा झाले आहे. ‘ही सारी माया’ असे म्हणून आपल्याला मोकळे होता येईल, पण तो विचाराचा आळस ठरेल. माया वस्तूत नसून मनाच्या आशेत आहे, असे अल्लमप्रभूंनी बजावले आहे. मग यंत्रालाच दोष का द्यावा?

अमेरिकेतील सिएटल शहरात भाजलेल्या रुग्णांच्या जखमा धुताना हेच यंत्र वापरले गेले. ती वेदना औषधानेही पुरती आवरत नाही. हंटर हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाला बर्फाळ दरीत नेले. तेथे त्याने बर्फाचे गोळे फेकत राहायचे, आणि इकडे परिचारिका आपले काम करणार. निरोगी स्वयंसेवकांना चटका देऊन केलेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेंदूच्या वेदनेशी निगडित भागांतील हालचालही घटलेली दिसली. बर्फ खोटा, उपशम खरा. रुग्ण फसला का? मुळीच नाही. बर्फ नाही हे त्याला ठाऊकच होते. अशा आभासाला आम्ही दयेचेच साधन म्हणू.

आता दुसरे उदाहरण पाहा. दक्षिण कोरियाच्या दूरचित्रवाणीवर फेब्रुवारी २०२० मध्ये एक कार्यक्रम दाखवला गेला. एका मातेची लहान मुलगी २०१६ साली आजाराने गेली होती. छायाचित्रे आणि घरच्यांच्या आठवणी यांवरून कारागिरांनी त्या मुलीचे रूप घडवले. डोळ्यांवर यंत्र आणि हातांत विशेष मोजे घालून माता एका बागेत उभी राहिली. मुलगी धावत आली आणि आईला माझी आठवण येते का, असे विचारू लागली. वाढदिवसाचा केक मांडला गेला. माता हात पुढे करून रडत होती. हा अनुभव सुखाचा होता, असे तिने पुढे सांगितलेही. तिच्या दुःखावर शेरा मारण्याचा अधिकार आम्हाला नाही, तुम्हालाही नाही.

तरीही प्रश्न उरतोच. आपल्या घरात लिंगैक्य झालेल्या वडिलांची तसबीर भिंतीवर असते. सणाला हार घालतो, समोर उभे राहून मनातले बोलतो. तसबीरही आभासच ना? होय. पण ती गप्प असते. तिच्यासमोर जे काही बोलणे होते ते आपलेच, आणि ते आपले आहे हे आपण जाणतो. त्या बागेतली मुलगी मात्र बोलत होती, आणि तिचे वाक्य दुसऱ्याच कोणीतरी लिहिले होते. ‘मी असे म्हणणार नाही’ हे सांगायला ती उरली नव्हती. जिवंत माणसाच्या तोंडी नसलेले शब्द घातले तर तो भांडतो, प्रसंगी कोर्टात जातो. मृताला तेवढीही सोय नाही.

बर्फाच्या दरीत कोणाच्या नावाने कोणी बोलत नव्हते, हा भेद आम्हाला मोठा वाटतो. तिथे देहाच्या वेदनेला आडोसा मिळाला. इथे एका जिवाचे मौन दुसऱ्याने भरून काढले, तेही प्रेमापोटी. म्हणून तर ते ओळखणे अवघड. (वाटणीच्या भांडणात ‘आप्पा मरताना मला म्हणाले होते’ असे सांगणारे आपल्या गावांतही असतातच, त्यांना यंत्र लागत नाही.)

उद्या कोणी तुमच्या दारी येईल आणि म्हणेल, आजीचे चार फोटो द्या, तिला तुमच्याशी बोलते करून देतो. त्याला हाकलून द्या असे आम्ही म्हणत नाही. पैशाचे बोलणे व्हायच्या आधी एवढे मात्र विचारा: आजी जे बोलेल ते कोण लिहिणार? आणि ते तिच्या तोंडी घालायचे की नाही, हे घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवा.