सतरंज्या अंथरणारे हात

चांगलं गाणं ऐकायला तिकीट काढावं लागतं, असं आपण धरूनच चालतो. पण दिल्लीच्या आयआयटीतले प्राध्यापक किरण सेठ यांनी १९७७ साली शास्त्रीय संगीत विद्यार्थ्यांपर्यंत नेणारी ‘स्पिक मॅके’ ही चळवळ सुरू केली. अमेरिकेत शिकताना त्यांनी डागर घराण्यातल्या गायकांचं ध्रुपद गायन ऐकलं होतं. ते मनातून गेलंच नाही. आपल्या विद्यार्थ्यांच्याही कानावर ते पडावं, ही तळमळ. शाळा-महाविद्यालयांत होणाऱ्या चळवळीच्या मैफली विनामूल्य असतात आणि त्या उभ्या करतात स्वयंसेवक, त्यांतले कितीतरी विद्यार्थीच. कलाकाराला स्टेशनवरून आणायचं, सतरंज्या अंथरायच्या, माइक तपासायचा. मला वाटतं, खरं शिक्षण इथंच होतं. तंबोरे जुळत असताना जो मुलगा पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी थांबतो, त्याला सूर मिळेपर्यंतची ती सावकाश, चिवट मेहनत जवळून दिसते. मागच्या रांगेत बसून ती कळत नाही. २०२२ मध्ये, सत्तरी ओलांडलेले सेठ याच चळवळीसाठी काश्मीरहून कन्याकुमारीकडे सायकलवर निघाले.

तुमच्या गावातही एखादं संगीत मंडळ असेल. गाता येत नसलं तरी जा, कामाला हात लावा.