तुमचं मशीन कसं आहे?

वस्तू विकत घेण्यापूर्वी चार जणांना विचारावे, असे सगळेच सांगतात. ते चार जण कोणते, हे मात्र कोणी सांगत नाही. घरचा मिक्सर घेताना चुकले तर चूक चटणीपुरती राहते. धंद्याचे यंत्र घ्यायचे म्हणजे बँकेचे कर्ज, आईच्या बांगड्या आणि सासऱ्यांचे मत असे सगळेच पणाला लागते.

माझा भाचा गेल्या वर्षी कॉलेजजवळ झेरॉक्सचे दुकान काढायला निघाला. (आपल्याकडे यंत्र कुठल्याही कंपनीचे असो, दुकान झेरॉक्सचेच असते.) विक्रेत्याच्या तोंडून यंत्राबद्दल एक वावगा शब्द निघाला नाही. पण विकणाऱ्यांची भाषाच वेगळी. खुद्द झेरॉक्स कंपनीचे ९१४ हे यंत्र १९५९ साली आले, तेव्हा त्यातला कागद अधूनमधून पेट घेई. म्हणून कंपनीने सोबत आग विझवण्याचे नळकांडे दिले आणि त्याचे नाव ठेवले 'करपनिवारक'! आग म्हटली की गिऱ्हाईक पळते. करपणे काय, घरोघरी चालतेच. यंत्र धो धो खपले.

तेव्हा विचारायचे ते वापरणाऱ्यांना. भाचा वही घेऊन आठ दुकानदारांकडे जाऊन आला. आठही जण म्हणाले, "एक नंबर मशीन! डोळे मिटून घ्या."

"मामा, आता कसली शंका?"

मला शंका त्या आठांचीच होती. ज्याने २ लाख रुपये मोजले, तो आपल्याच यंत्राला नावे कशी ठेवील? ठेवली तर मूर्ख तो ठरतो, यंत्र नव्हे. एकदा निवड केली की ती बरोबरच होती याचे पुरावे मन गोळा करत बसते, यावर लिऑन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली अख्खे पुस्तक लिहिले आहे. आपल्या वाडवडिलांनी तेच 'झाकली मूठ' या दोन शब्दांत उरकले होते.

पण ही मूठ खासगी राहत नाही, हीच तर पंचाईत आहे. विकणाऱ्याला सगळे माहीत आणि घेणाऱ्याला काहीच नाही, अशा बाजारातून चांगला मालच हळूहळू उठून जातो, असे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवले. (तो लेख आधी तीन नियतकालिकांकडून साभार परत आला होता, हे वाचून मला फार बरे वाटले. पुढे २००१ साली त्यांना नोबेल मिळाले, हे वाचून तितके नाही.) म्हणजे फसलेला माणूस अब्रूसाठी गप्प बसला की तो नकळत फसवणाऱ्याचा फुकट एजंट होतो.

मी भाच्याला म्हटले, "कसं आहे, हे विचारूच नकोस. शेवटचं कधी बंद पडलं? दुरुस्तीवाला किती दिवसांनी आला? एका टोनरमध्ये किती कॉपी निघतात? पावसाळ्यात काय होतं? एवढंच विचार."

तारखा सांगण्यात कोणाची अब्रू जात नाही. त्याच आठ जणांची तोंडे भराभर उघडली. एकाचे यंत्र ऐन परीक्षेत चार दिवस बंद होते. दुसऱ्याकडे पावसाळ्यात कागद दमट होऊन आत अडकत होता. एका म्हाताऱ्या दुकानदाराने तर बिलांची फाइलच पुढे टाकली. ड्रम बदलायचा खर्च पाहून भाच्याचा चेहरा उतरला. म्हातारा म्हणाला, "मी फसलो ते फसलो. तू कशाला?"

भाचा त्याच्यापासून शंभर पावलांवर दुकान टाकणार होता आणि हे म्हाताऱ्याला ठाऊक होते. ही फाइल का दाखवावी, याचे उत्तर मला फेस्टिंजरमध्येही सापडले नाही आणि अ‍ॅकरलॉफमध्येही नाही.

भाच्याने दुसरे यंत्र घेतले. दुकान बरे चालले आहे. यंत्राचे काही बारीकसारीक रडगाणे आहे, पण ते तो घरातच गातो.

परवा त्याचा फोन आला. "मामा, एक मुलगा आलाय. समोरच्या गाळ्यात झेरॉक्स टाकतोय. विचारतोय, तुमचं मशीन कसं आहे?"

"मग काय सांगितलंस?"

"सध्या चहा सांगितलाय."