पट्टी बांधून झाल्यावर



ठिबकची नळी फुटली की आपण तिला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळतो आणि 'उद्या बघू' म्हणतो. ती पट्टी पुढे तीन हंगाम काढते. वेदीमागच्या खोलीच्या छपराला गेल्या पावसाळ्यात मीच प्लास्टिकचा कागद बांधून घेतला. 'आठ दिवसांपुरता' असे म्हणालो होतो. वर्ष झाले. कागद तिथेच आहे, आणि आता तो मला दिसतही नाही.

तात्पुरते काम करणे हे पाप नाही. आजच्या शुभवर्तमानातला शोमरोनी पाहा. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या त्या रस्त्यावर त्याच्यापाशी वैद्य नव्हता. हाताशी होते ते तेल आणि द्राक्षारस त्याने जखमांवर ओतले, पट्ट्या बांधल्या (स्वतःचेच वस्त्र फाडले असेल कदाचित) आणि त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवले. याजक आणि लेवी यांनी एवढे कच्चे कामही केले नाही.

पण शोमरोनी पट्टीवर थांबला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, दिली आणि जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन असे सांगितले. इतकी वर्षे हा भाग वाचूनही त्या परत येण्याकडे माझे लक्ष फार उशिरा गेले.

आंबेगाव तालुक्यातले माळीण आपण कोणी विसरलेलो नाही. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगर खाली आला आणि १५१ जण गेले. एस.टी. घेऊन गेलेल्या चालकाला गावच दिसेना, तेव्हा बाहेर खबर पोहोचली. मग मदतीची रीघ लागली. वाचलेल्यांसाठी पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. त्या वेळी तेच योग्य होते. आमडे येथे नव्या गावाचे लोकार्पण मात्र २ एप्रिल २०१७ रोजी झाले. मधले दोन पावसाळे पत्र्याखाली गेले. डोंगर कोसळताना ज्यांनी ऐकला, त्यांना रात्री पत्र्यावरचा पाऊस कसा ऐकू आला असेल? त्याच वर्षी जूनच्या पावसात नव्या गावातले रस्ते खचले, भेगा पडल्या आणि पुन्हा डागडुजी आली. जागा शोधायला वेळ लागतो हे मान्य. पण पहिल्या महिन्यानंतर आपल्यापैकी किती जण तिकडे फिरकले? मी गेलो नाही.

घरातही अशा पट्ट्या असतात. बांधावरून दोन भावांचा वाद होतो. आई आजारी असते, म्हणून 'तिच्यासमोर विषय नको, तूर्त बोलूच नका' असे ठरते. त्या दिवशी ते शहाणपणाचेच असते. आई जाते, अबोला राहतो. मिस्सेला दोघेही येतात, एक डावीकडच्या बाकावर, दुसरा उजवीकडच्या. कोणा एकाविषयी बोलतो असे समजू नका. अशी घरे मी अनेक पाहिली आहेत, आणि त्यांपैकी काही घरांत 'तूर्त बोलू नका' हा सल्ला माझाच होता. नंतर मी विचारायला गेलो नाही.

पाऊस उघडला तर मंगळवारी छपराचे काम धरतो आहोत. लांब शिडी कोणाकडे असेल तर मिस्सेनंतर भेटा. आणि छपराखेरीज दुसऱ्या कामासाठी यायचे असेल, तर शनिवारी संध्याकाळी मी पापनिवेदनासाठी चर्चमध्ये बसलेला असेन. दोघे बरोबर आलात तरी चालेल.