अन्न विकावे काय?



माघवारीच्या आधी मंगळवेढ्याकडील एका गावी आम्ही कीर्तनास गेलो होतो. आरती झाली, बुक्का लावून मंडळी घरोघर निघाली. एक पंचविशीतला तरुण तेवढा मागे रेंगाळला. गळ्यात माळ. म्हणाला, "महाराज, आमचे बाबा म्हणतात अन्न विकणे पाप. मी पाप करतो का, ते सांगा."

हकिगत अशी. पोरगा पुण्याकडे कारखान्यात कामाला होता. दोन वर्षांमागे परत आला. चार एकर काळे रान. त्याने बांधावर मांडव घातला आणि पौष-माघात शहरच्या मंडळीस हुरडा खावयास बोलावू लागला. माणशी पैसे घेतो. बाप रुसला. ज्या घरातून वारकरी कधी उपाशी गेला नाही, तिथे ताटाला भाव लागला! बापलेकांचे बोलणे बंद.

आम्हांस तिथल्या तिथे उत्तर सुचले नाही, हे कबूल केले पाहिजे. ती रात्र त्यांच्याच पडवीत काढली आणि पहाटे रान पाहावयास गेलो.

मंगळवेढ्याची माती म्हणजे दामाजीपंतांची माती. दुष्काळात पंतांनी बादशहाची कोठारे लोकांना मोकळी केली, ही कथा आपण सगळे सांगतो. पण कोठारात धान्य आले कुठून? कुणबी राबला तेव्हा आले. अरणच्या सावता महाराजांनी मळा सोडला नाही. म्हणून तर आजही आषाढीनंतर पांडुरंगाची पालखी त्यांच्या भेटीला अरणला जाते. देवाला ज्या मळ्यात जावेसे वाटते, त्या मळ्यात आमच्या पोरांना थांबावेसे का वाटू नये?

इथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पाटाच्या पाण्यावाचून, नुसत्या ओलीवर येणारे हे पीक. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाभरीने पेरायचे, मग तिसऱ्या आणि पाचव्या आठवड्यात कोळपायचे. थंडी वाढली की काळी जमीन उलते. आठव्या आठवड्याच्या सुमारास दातेरी कोळपे फिरवून त्या भेगा बुजवायच्या, नाहीतर पोटातली ओल उडून जाते. बाबांनो, आमच्या घरांनाही अशाच भेगा पडल्या आहेत. बाप एकीकडे, लेक एकीकडे, आणि मधून ओल चालली आहे. दाणा खाऊन झाल्यावर कडबा गुरांना, शेण पुन्हा रानाला, गोवऱ्या आगटीला. यात वाया काय गेले? ऊस लावून विहीर आटवण्यापेक्षा हे बरे, असे आमचे स्पष्ट मत आहे. (आमच्या भावकीतही ऊसवाले आहेत, ते रागावतील, रागावोत.)

राहिला पैशाचा प्रश्न. माल अडत्याला विकला तर कुणी पाप म्हणत नाही. मग कणीस भाजून, हातावर चोळून, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर दिले तर पाप कसे? राज्य शासनाने तर २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरणच केले. आम्ही तसे म्हाताऱ्यास म्हणालो. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "महाराज, पैशाचं नाही हो. पहिल्या वर्षी एक टोळकं बाटल्या घेऊन आलं. कर्णा लावला. तुळशीसमोर नाचली. आणि हा गप्प बसला, कारण पैसे आगाऊ घेतले होते."

पोराने मान खाली घातली. आम्ही आदले रात्री ज्याचा विचार करीत होतो, तो प्रश्नच नव्हता.

मग आम्ही बोललो ते इतकेच. मोल कष्टाचे घे, पण रानाची अब्रू त्या मोलात देऊ नको. आगाऊ पैसे परत करण्याची तयारी ठेव. चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या आईचा आणि वहिनीचा वाटा आधी काढ. त्या धुरात बसतात आणि हिशेबात कुठेच नसतात. आणि दिंडी दारावरून गेली तर तिथे भाव नाही.

"तिथं कधीच नव्हता," पोरगा म्हणाला.

"मला सांगितलं नाहीस," बाप म्हणाला.

"तुम्ही बोलत कुठं होता?"

दशमीस आम्ही पंढरीच्या वाटेने पुन्हा त्याच बांधावरून गेलो. मांडवात शहरची चार कुटुंबे बसली होती. पलीकडे एक दिंडी टेकली होती. म्हातारा आगटीपाशी उकिडवा बसून कणसे फिरवीत होता आणि दोन्हीकडे त्याच सुपातून हुरडा जात होता.